पिकाचं वर्ष, कर्जाचं वर्ष

यंदाच्या अंकाचा विषय ‘ऋण’ ठरला, तेव्हा संपादकांनी एकच अट घातली. शेतकऱ्याच्या कर्जावर लिहायचं असेल तर बँकेच्या मुख्य कार्यालयातून किंवा मंत्रालयातून लिहू नका. कर्ज जिथे उचललं जातं आणि जिथे फेडलं जातं तिथे जाऊन बसा. ती जागा म्हणजे गावची विकास सोसायटी. पूर्ण नाव विविध कार्यकारी सहकारी सेवा सोसायटी, पण एवढं लांब नाव फक्त पाटीवर असतं. महाराष्ट्रात अशा सुमारे २१ हजार सोसायट्या आहेत. मी कोल्हापूर जिल्ह्यातली, पंचगंगेच्या खोऱ्यातल्या उसाच्या गावातली एक निवडली. गावाचं नाव छापायचं नाही, असं सचिवांनी पहिल्याच भेटीत बजावलं. ते पाळतो.

जूनअखेर

खरिपाच्या पीककर्जाला ३१ मार्चची मुदत असते, रब्बीला आणि उसाला ३० जूनची. उसाच्या गावात म्हणूनच जूनचा शेवटचा आठवडा म्हणजे सगळ्या वर्षाचा हिशेब. सोसायटीच्या दोन खोल्यांपैकी पुढच्या खोलीत लाकडी बाक, भिंतीवर संचालकांच्या नावांचा फलक, त्याखाली थकबाकीच्या नोटिसा. मागच्या खोलीत तिजोरी, कपाट आणि टेबलावर नवा संगणक. केंद्र सरकारने २०२२मध्ये २,५१६ कोटी रुपयांची योजना आखून देशातल्या ६३ हजार प्राथमिक सोसायट्यांचं संगणकीकरण हाती घेतलं, त्यातला हा संगणक. पण त्याच्या शेजारी कापडी पुठ्ठ्याची जुनी खतावणीही उघडीच होती. सचिव आधी वहीत बघत आणि मग पडद्यावर.

बाकावरच्या सभासदांची कुजबुज एकाच गोष्टीभोवती फिरत होती, तारखेच्या आत पैसे भरायचे कसे. साठीतले एक आबा टेबलापाशी आले. “अण्णा, उद्या भरतोय. पण नवी उचल कवा मिळायची तेवढं सांगा.”

“आबा, तुम्ही भरा तर आधी. चार-आठ दिवसांत बँकेतून मंजुरी येतीय.”

“आठ दिस म्हटलं की त्याचं व्याज आलं बगा.”

कोणाचं व्याज, ते आबांनी सांगितलं नाही, सचिवांनी विचारलं नाही. खोलीतल्या प्रत्येकाला ते ठाऊक होतं. आबा सोसायटीचं कर्ज फेडायला बाहेरून काही दिवसांसाठी पैसे उचलणार होते. नवी उचल हातात आली की आधी ते परत करायचे. गावोगावी याला नवं-जुनं म्हणतात. कागदावर आबांनी कर्ज वेळेत फेडलेलं असेल. पण त्यांच्या शेतातून या फेडीला अजून एक रुपयाही आलेला नसेल.

क.म. पत्रक

आबांच्या अडचणीचं मूळ गाठायचं, तर कर्ज ठरतं कसं इथून सुरुवात करावी लागते. दरवर्षी जिल्ह्याची तांत्रिक समिती प्रत्येक पिकाचा कर्जदर ठरवते: अमुक पिकाला हेक्टरी इतके रुपये. बी-बियाणं, खत, मजुरी, पाणी यांच्या खर्चावरून तो दर निघतो. सभासद सातबारा आणि आठ-अ आणतो. त्यावरच्या क्षेत्राला आणि पिकाला तो दर लावला की त्याची कर्जमर्यादा मिळते. सगळ्या सभासदांच्या मर्यादा एका तक्त्यात मांडल्या जातात. हेच कर्जमर्यादा पत्रक, बोलीत क.म. ते पंच कमिटीपुढे येतं, तिथून जिल्हा बँकेच्या तपासनिसाकडे आणि मग शाखेकडे. मंजुरीनंतर सभासदाच्या खात्यावर रक्कम जमा होते. त्यातून काही टक्के शेअर म्हणून कापून घेतले जातात. सातबाऱ्यावर सोसायटीचा बोजा चढतो.

पैसा येतो त्याच्या उलट्या दिशेने. नाबार्डकडून राज्य सहकारी बँकेला, तिथून जिल्हा बँकेला, तिथून सोसायटीला आणि शेवटी सभासदाला. या साखळीत सभासदाला चेहऱ्याने ओळखणारी एकच कडी आहे, ती म्हणजे सोसायटी. कोणाच्या विहिरीला पाणी टिकतं, कोणाच्या घरात वाटणी चालली आहे, कोणाचा मुलगा पुण्याहून पैसे पाठवतो, हे सचिवांना कागदाशिवाय कळतं. सहकारी कर्जाची सगळी ताकद या माहितीत आहे.

गावच्या राजकारणाचा धागाही इथेच आहे. जिल्हा बँकेच्या संचालक मंडळाच्या निवडणुकीत सोसायटीच्या गटातून मतदान होतं ते प्रत्येक सोसायटीने पाठवलेल्या प्रतिनिधीचं. त्या प्रतिनिधीच्या नावाचा ठराव कोण करणार यावर गावात महिनोन्‌महिने डाव मांडले जातात. सोसायटी छोटी असो वा मोठी, ठराव एकच. म्हणून ज्या सोसायटीत वर्षाला फार उलाढाल होत नाही, तिचाही चेअरमन होण्यासाठी चुरस असते. ही चुरस निव्वळ वाईट म्हणता येत नाही. कोणीतरी डोळ्यांत तेल घालून क.म. वाचतं, हा तिचाच फायदा. पण वसुलीला कोणाच्या दारात जायचं आणि कोणाच्या नाही, हेही त्याच चुरशीत ठरतं.

अठरा महिन्यांचा ऊस, बारा महिन्यांचं कर्ज

आबांचं मुख्य पीक आडसाली ऊस. जुलै-ऑगस्टमध्ये लागण, तोड पुढच्या वर्षीच्या डिसेंबर-जानेवारीत. शेतात सोळा ते अठरा महिने उभं राहणारं हे पीक आहे. टनेज चांगलं मिळतं म्हणून या भागात आडसालीकडे ओढा आहे. खर्च मात्र पहिल्या सहा-आठ महिन्यांतच होतो: नांगरट, बेणं, लागण, बाळभरणी, मोठी भरणी, खताचे डोस.

आता कर्जाचं वर्ष बघा. वेळेत फेड करणाऱ्याला केंद्र सरकार व्याजात सवलत देतं आणि त्यावर राज्य सरकार डॉ. पंजाबराव देशमुख यांच्या नावाच्या योजनेतून उरलेला भार उचलतं. २०२१-२२पासून महाराष्ट्रात तीन लाखांपर्यंतचं पीककर्ज अशा रीतीने शून्य टक्क्यांवर पडतं. ही सवलत फार मोठी आहे आणि ती मनापासून दिलेली आहे. पण तिला अट आहे. ठरलेल्या तारखेच्या आत, आणि उचलीपासून जास्तीत जास्त वर्षभरात, फेड झाली पाहिजे. दिवस चुकला की सवलत गेली.

तीन लाखांवर सहा-सात टक्क्यांनी वर्षाचं व्याज अठरा ते एकवीस हजार होतं. गावात हातउसने पैसे शेकडा तीनच्या दराने मिळतात, म्हणजे महिन्याला शंभराला तीन रुपये. तीन लाख दहा दिवसांसाठी घेतले तर तीन हजार. अठरा हजार वाचवायला तीन हजार मोजणं, हा हिशेब कोणताही शहाणा माणूस करील. आबा तोच करतात. यात बेशिस्त नाही. शासनाने घालून दिलेल्या नियमात बसणारा सर्वांत स्वस्त मार्ग त्यांनी शोधलेला आहे. पण त्याचा परिणाम असा, की सावकाराला हटवण्यासाठी उभी केलेली व्यवस्था वर्षातून एकदा, ठरलेल्या तारखेला, सावकाराच्याच पैशावर चालते.

सगळेच आबांच्या वाटेने जात नाहीत. ज्यांचा खोडवा (आधीच्या उसाच्या फुटव्यावर घेतलेलं पीक) त्या हंगामात तुटलेला असतो, त्यांची फेड कारखान्यातच होऊन गेलेली असते. ऊसबिलाची एक पट्टी मी नीट वाचली. वर सभासदाचा कोड, गट नंबर, खेपा, वजन. तोडणी-वाहतूक वजा करून दिलेला टनाचा दर. त्याखाली कपातींची रांग: विकास सोसायटी, पाणीपुरवठा संस्था, कारखान्याच्या गट ऑफिसातून नेलेलं खत. सगळ्यात शेवटी, सगळ्यात लहान आकडा म्हणजे सभासदाच्या हातात पडणारी रक्कम. एकरी चाळीस टन आणि टनाला तीन हजार धरले तर एक लाख वीस हजार होतात. त्यातले निम्म्याहून अधिक या रांगेतच संपले होते.

हंगाम सुरू होण्याआधी सोसायटी कारखान्याकडे वसुलीची यादी पाठवते. ऊस नियंत्रण आदेशानुसार ऊस घातल्यापासून चौदा दिवसांत एफआरपी (सरकारने ठरवलेला किमान दर) द्यायची असते. बिल निघालं की आधी सोसायटीची रक्कम वळती होते आणि मग उरलेली सभासदाच्या खात्यावर जाते. कपात चुकवायला काहीजण पाहुण्याच्या नावावर ऊस घालतात. पण एरवी ही पद्धत बिनबोभाट चालते. कोणाच्या दारात जावं लागत नाही, भांडी उचलावी लागत नाहीत. कोल्हापूर-सांगलीकडच्या सोसायट्यांची वसुली राज्यात उजवी दिसते, त्याचं मोठं श्रेय या पट्टीतल्या एका ओळीला आहे.

वसुलीच्या दोन पातळ्या

सोसायटीच्या वार्षिक अहवालावर मोठ्या अक्षरांत लिहिलेलं असतं: बँक पातळीवर शंभर टक्के वसुली. गावात सत्कार होतो, जिल्हा बँकेकडून ढाल मिळते. आतल्या पानावर, लहान अक्षरांत, दुसरा आकडा असतो: सभासद पातळीवरची वसुली. तो बहुधा कमी असतो.

हे कसं घडतं? सोसायटीने बँकेकडून घेतलेलं कर्ज वेळेत भरलं नाही तर पुढच्या वर्षाची उचल अडते आणि सगळ्या गावाला नवं कर्ज मिळत नाही. म्हणून सभासदांकडून पूर्ण वसुली झाली नसली तरी सोसायटी आपल्या ठेवी, नफा, राखीव निधी यांतून बँकेचा भरणा पूर्ण करते. ज्यांनी फेडलं त्यांच्या शिस्तीचा आणि सोसायटीच्या जुन्या पुंजीचा आधार थकबाकीदारांना मिळतो. काही काळ हे निभावतं. पण पुंजी संपल्यावर उलटा प्रकार सुरू होतो. सभासदांकडून येणं कमी आणि बँकेचं देणं जास्त, अशी तूट पडते. हिशेबतपासनीस तिला अनिष्ट तफावत म्हणतात. व्याज भरणा न झाल्याने, खर्च उत्पन्नाबाहेर गेल्याने, कधी अपहाराने ही तफावत वाढत जाते. एकदा ती मोठी झाली की त्या गावातल्या नियमित फेडणाऱ्यालाही सोसायटीतून कर्ज मिळणं अवघड होतं.

व्याज सवलतीचे पैसे सरकारकडून उशिरा आले, की यात भर पडते. सभासदाला शून्य टक्के म्हणून सांगितलेलं असतं. ते व्याज सोसायटीच्या पुस्तकात ‘येणे’ म्हणून उभं राहतं. सचिवाचा पगार, वीजबिल, तपासणी फी मात्र त्याच महिन्यात द्यावी लागते. सोसायटीचं उत्पन्न म्हणजे बँकेचा व्याजदर आणि सभासदाचा व्याजदर यांतला थोडासा फरक. अनेक जिल्ह्यांत एकेका गटसचिवाकडे दोन-तीन गावांच्या सोसायट्या असतात, कारण एका सोसायटीला स्वतःचा सचिव परवडत नाही. ज्याच्या ओळखीवर ही व्यवस्था उभी आहे, त्यालाच गावात बसायला वेळ नाही.

माफीची सावली

आबांच्या मागे बाकावर बसलेल्या एका तरुणाने कर्ज भरलं नव्हतं आणि भरणारही नव्हता. “पुन्हा माफी येणार म्हणत्यात. मागच्या दोन्ही वेळी मी भरलं होतं, मला काय मिळालं?” त्याचा सवाल रागाचा नव्हता. तो हिशेब विचारत होता.

हिशेब असा आहे. २००८मध्ये केंद्राची माफी झाली. २०१७च्या राज्याच्या योजनेत दीड लाखापर्यंतची थकबाकी माफ झाली आणि नियमित फेडणाऱ्याला फेडीच्या पंचवीस टक्के, जास्तीत जास्त पंचवीस हजार मिळाले. २०१९च्या योजनेत थकबाकीदाराला दोन लाखांची माफी, नियमित फेडणाऱ्याला पन्नास हजारांपर्यंत प्रोत्साहन. आणि ते प्रोत्साहन प्रत्यक्ष खात्यावर पडायला २०२२ उजाडलं. ज्याने दागिना मोडून भरलं त्याला थोडं आणि उशिरा, ज्याने थांबण्याचं धाडस केलं त्याला जास्त. एकेका माफीने विदर्भ-मराठवाड्यातल्या कोरडवाहू शेतकऱ्याला खरोखर श्वास घेता आला, हे मी नाकारणार नाही. गळ्यापर्यंत बुडालेल्या माणसाला हात देणं हे राज्याचं कामच आहे. पण दर काही वर्षांनी येणारी माफी नियमित फेडणाऱ्या सभासदाला जे शिकवते, ते सोसायटीला पुढची दहा वर्षं पुरतं.

कोल्हापूर जिल्ह्याला तर माफीने आणखी एक धडा दिला. २००८च्या माफीनंतर तपासणी झाली आणि अनेकांना कर्जमर्यादेपेक्षा जास्त कर्ज दिलं गेलं होतं, असा आक्षेप निघाला. सुमारे ११२ कोटींची माफी अपात्र ठरवून नाबार्डने परत मागितली. बँकेने ती सोसायट्यांकडे आणि सोसायट्यांनी सभासदांकडे मागितली. हजारो शेतकरी माफीचा दाखला हातात असताना पुन्हा कर्जदार झाले. प्रकरण न्यायालयात गेलं आणि वर्षानुवर्षं चाललं. क.म. पत्रकातला एक रकाना किती महत्त्वाचा असतो हे या जिल्ह्यातल्या सचिवाला सांगावं लागत नाही, ते त्यामुळेच.

पट्टी नसलेल्या गावात

कोल्हापूरच्या उसाच्या पट्टीतली ती एक ओळ बाकी महाराष्ट्रात कुठे आहे? १९५१-५२च्या अखिल भारतीय ग्रामीण पतपाहणीत आढळलं होतं, की शेतकऱ्याच्या कर्जात सहकाराचा वाटा जेमतेम तीन टक्के आणि सावकारांचा सुमारे सत्तर टक्के. ए. डी. गोरवाला यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीने १९५४च्या अहवालात त्यावर उपाय सुचवला, त्यातला महत्त्वाचा भाग होता तो कर्जाची सांगड विक्रीशी घालण्याचा. माल ज्या संस्थेकडे जातो, तिथूनच कर्ज वळतं व्हावं. पश्चिम महाराष्ट्रात साखर कारखान्यांनी ही सांगड आपोआप घातली. विदर्भात १९७२मध्ये सुरू झालेल्या एकाधिकार कापूस खरेदीने ती काही काळ घातली. कापसाच्या चुकाऱ्यातून सोसायटीचं कर्ज कापलं जाई. पुढे खरेदी खासगी व्यापाऱ्यांकडे गेली आणि कपातीची ती वाट बंद झाली. नागपूर, वर्धा, बुलढाणा या जिल्हा बँकांचा पाया खचला, त्याला गैरकारभार, बुडीत गुंतवणूक अशी अनेक कारणं आहेत. पण शेतातला पैसा सोसायटीच्या वाटेवरून जाणंच थांबलं, हे कारण त्यात फार कमी वेळा मोजलं जातं.

सोयाबीनच्या गावात दिवाळीच्या तोंडावर काय होतं ते सगळ्यांना माहीत आहे. पीक घरात आलं की उधारी मागायला दुकानदार येतो, मजुरांचे पैसे द्यायचे असतात, रब्बीची पेरणी समोर असते. सगळे एकदम विकतात आणि भाव हमीभावाच्या खाली जातो. २०२४-२५मध्ये सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ४,८९२ रुपये होता. बाजारात बहुतेकांना त्याच्या बराच खाली विकावं लागलं. बाजारातल्या आडत्याच्या पट्टीत सोसायटीची ओळ नसते.

राज्याच्या पणन मंडळाची शेतमाल तारण योजना १९९०-९१पासून आहे. माल बाजार समितीच्या गोदामात ठेवायचा, किमतीच्या पाऊणपट कर्ज सहा टक्क्यांनी सहा महिन्यांसाठी घ्यायचं, भाव आला की विकायचं. योजना चांगली आहे, पण गोदाम गावापासून लांब असतं. अमरावती जिल्ह्यातल्या नेरपिंगळाईच्या सोसायटीत केंद्राच्या धान्यसाठवण योजनेतून तीन हजार टनांचं गोदाम उभं राहिलं, त्याचं उद्‌घाटन २०२४च्या फेब्रुवारीत झालं. असं गोदाम ज्या गावात असेल, तिथे सोयाबीनवाल्यालाही कारखान्याच्या पट्टीसारखी सोय मिळू शकते: माल सोसायटीत, तारण कर्ज सोसायटीचं, विक्री झाली की पीककर्ज तिथेच वळतं. सोसायट्यांना पेट्रोल पंप आणि जनऔषधी केंद्रं चालवू द्यायच्या योजनांचा बराच गाजावाजा होतो. त्या असोत. पण सोसायटीला तारणारं काम गोदामाचंच आहे, कारण ते तिला पिकाच्या पैशाजवळ नेतं.

ज्यांचं नाव सातबाऱ्यावर नाही

सचिवांच्या टेबलापाशी दुपारी एक वैनी आल्या. नवरा दोन वर्षांपूर्वी गेला. शेत त्याच करतात, उसाच्या खुरपणीपासून कारखान्याच्या चकरांपर्यंत. पण वारसनोंद सासरच्या वादात अडकलेली. जुनं कर्ज नवऱ्याच्या नावावर थकलेलं, नवं कर्ज त्यांना मिळत नाही. सचिवांनी त्यांना तलाठ्याकडे काय कागद न्यायचे ते एका चिठ्ठीवर लिहून दिलं. अशीच गत वाट्याने शेती करणाऱ्यांची. शेत कसणारा एक, सातबारा दुसऱ्याचा. पीककर्ज सातबाऱ्याला मिळतं, पिकाला नाही. मालक शून्य टक्क्याने कर्ज उचलतो आणि वाटेकरी शेकडा तीनने. भूमिहीनांकडे कसणुकीला जाणाऱ्या जमिनी वाढत चालल्या आहेत, हे कोणत्याही गावात अर्धा तास बोललं तरी कळतं.

कर्जाने पिकामागे चालावं

इतकं पाहिल्यावर मला एक गोष्ट ठामपणे म्हणावीशी वाटते. शेतीचं कर्ज फिटत नाही, ते शेतकरी बुडवा आहे म्हणून नव्हे. ते कर्ज पिकाच्या वेळेने आणि पिकाच्या वाटेने चालत नाही म्हणून. ज्या गावात पिकाचा पैसा सोसायटीच्या दारावरून जातो, तिथे वसुली होते. ज्या पिकाचा पैसा मुदतीच्या आत येतो, त्याचं नवं-जुनं करावं लागत नाही.

म्हणून व्याज सवलतीची मुदत पिकाला धरून ठरली पाहिजे. आडसाली उसाला अठरा महिने दिले, तर आबांना दहा दिवसांसाठी सावकाराकडे जायचं कारण उरणार नाही. पैसेवारी पन्नास पैशांच्या खाली गेली की पीककर्जाचं मध्यम मुदतीत रूपांतर करायची तरतूद आहे. ते अर्ज-विनंत्यांशिवाय, आपोआप व्हायला हवं, म्हणजे माफीची वाट बघायची सवय लागणार नाही. सवलतीचे पैसे सोसायटीला त्याच वर्षी मिळाले पाहिजेत. आणि सर्वसाधारण सभेत सत्कार होतो तो बँक पातळीवरच्या वसुलीचा. त्याऐवजी सभासद पातळीवरचा आकडा पहिल्या पानावर छापावा. त्या आकड्यातली किती फेड पिकाच्या बिलातून आली आणि किती नव्या उचलीच्या भरवशावर झाली, हेही त्याच्या शेजारी लिहावं. सचिवांकडे ही माहिती असते. कारखान्याची यादी आणि खतावणी शेजारी ठेवली की ती निघते. नव्या संगणकात तर एका रकान्याचं काम आहे.

तो रकाना भरला गेला तर गावाला आपली खरी शेती दिसेल, बँकेला पुढचं संकट वर्षभर आधी कळेल आणि सरकारला माफी कोणाला, कधी द्यायची याचा अंदाज बांधावा लागणार नाही. येत्या सर्वसाधारण सभेत कोणत्याही सभासदाने उठून हा आकडा मागावा. सोसायटी त्याची आहे, हिशेब मागायचा हक्कही त्याचाच आहे.